मुंबईत दोन रात्री: स्टँडअप, लाइव्ह बँड आणि बसायला बरी जागा

पंचगंगा_काठ:
मंडळी, पुढच्या महिन्यात आम्ही तिघं कोल्हापूरहून येतोय, शुक्रवार-शनिवार. मुक्काम दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत. एका रात्री स्टँडअप, दुसऱ्या रात्री बँड, आणि दोन्हीकडे थोडं बसणं असा बेत आहे. कुलाबा, लोअर परळ, बांद्रा सगळंच डोक्यात घोळतंय. माणशी रात्रीला अडीच हजार. तिघंही पुरुष, त्यातला एक २३ वर्षांचा. गाडी आणावी का? परत यायचं कसं?

शेवटची_लोकल:
गाडी आणू नका. रात्री नाकाबंदी असते, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

एका रात्री एकच भाग धरा. संध्याकाळी बांद्रा आणि नंतर कुलाबा असं कागदावर छान दिसतं, पण निम्मी रात्र टॅक्सीत जाते. दादरहून लोअर परळ स्लो लोकलनं दोन स्टेशनं, बांद्रा तीन. चर्चगेटहून बोरिवलीकडे शेवटची गाडी एकच्या सुमारास सुटते. मध्य रेल्वेची त्याआधीच संपते. पहाटेची पहिली चारनंतर. शनिवारी रात्री पश्चिम रेल्वेवर कधीकधी जम्बो ब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) असतो, त्यामुळे त्या दिवशी दुपारी एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळांचं अ‍ॅप बघून घ्या. मेट्रोच्या भरवशावर राहू नका, ती बरीच आधी बंद होते.

बाहेरून येणारे हमखास फसतात ते रिक्षात. रिक्षा उपनगरातच चालते, दक्षिणेकडे माहीम-सायनच्या पुढे येत नाही. लोअर परळला तर रिक्षा दिसणारच नाही. काळीपिवळी टॅक्सीला रात्री १२ ते ५ मीटरच्या सव्वापट भाडं असतं, तेवढं कायदेशीर आहे. त्यावर कोणी ‘डबल’ मागितलं तर पुढची बघा.

माइक_टेस्टिंग:
कॉमेडीत तीन प्रकार, तिकीट काढण्याआधी नीट वाचा. ओपन माइक स्वस्त, नवे-हौशी दहा-पंधरा जण, प्रत्येकाला चार-पाच मिनिटं; त्यातले निम्मे पडणार हे धरूनच जा. लाइनअपमध्ये चार-पाच मुरलेले लोक, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हाच घ्यावा. तिसरा सोलो, म्हणजे एकट्याचा शो. त्यातही ‘ट्रायल’ लिहिलेला शो मिळाला तर सोडू नका: नावाजलेला कॉमिक नवा तासभराचा मजकूर कमी तिकिटात घासूनपुसून बघत असतो. हातात वही दिसेल, मधेच अडखळेल, पण मजा तिथंच आहे.

बसायला बहुतेक ठिकाणी जो आधी येईल त्याला आधी जागा. अर्धा तास आधी पोचा. पहिल्या रांगेत बसलात तर ‘कुठून आलात, काय करता’ हे होणारच. उत्तर एका वाक्यात द्या आणि गप्प बसा. आपणही विनोद करायला गेलात की सगळा शो तुमच्यावरच घसरतो. मोबाइलवर रेकॉर्डिंग अजिबात नाही, बाहेर काढतात. भाषा हिंदी-इंग्रजी मिश्र असते. मराठी स्टँडअप हवं असेल तर तिकीट अ‍ॅपवर भाषेचा फिल्टर लावून शोधा.

साउंडचेक:
बँडसाठी लोअर परळला अँटीसोशल हा क्लब. पूर्वी ब्लू फ्रॉग क्लब ज्या मथुरादास मिलच्या आवारात होतं, तिथंच. जाहिरातीतली वेळ दार उघडायची असते, मुख्य बँड तास-दीड तासानं चढतो. साउंड डेस्कच्या जवळ उभे राहा. मिक्सिंग करणारा तिथूनच ऐकत असतो, म्हणून आवाज तिथं सर्वात नीट लागतो. स्पीकरच्या तोंडाशी गेलात तर बेस सोडून काही कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी कान वाजतात.

उघड्यावरचा कार्यक्रम मात्र वेळेवर गाठा. लाउडस्पीकरला रात्री १० ची मर्यादा आहे, म्हणून तो संध्याकाळीच सुरू होतो. एनसीपीएला (नरिमन पॉइंटचं नाट्य-संगीत केंद्र) जाणार असाल तर उशीर चालत नाही.

नवटाक_नको:
आता बसायचं. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय २१, बाकी दारूला २५. म्हणजे तुमच्या २३ वाल्याला बिअरच. मूळ ओळखपत्र ठेवा, फोटो कधी चालतो, कधी नाही.

आधी साध्या परमिट रूममध्ये (परवाना असलेल्या बारमध्ये) बसून मग कार्यक्रमाला जाणं सर्वात परवडतं. तिथं पेग सुटा मागवू नका. क्वार्टर, म्हणजे १८० मिली, सीलबंद मागवा आणि टेबलावर फोडायला सांगा. ६० चे तीन पेग होतात आणि सुट्यापेक्षा स्वस्त पडतात. एसी भागात त्याच बाटलीला जास्त दर असतो, बसण्याआधी दोन्ही मेनू मागा.

बिल वाचा. समजा खाणं १,२०० आणि दारू १,८०० झाली. खाण्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ६०, दारूवर १० टक्के व्हॅट (नोव्हेंबर २०२३ पासून, आधी ५ होता) म्हणजे १८०. एकूण ३,२४०. पॉश जागी याखाली १० टक्के सर्व्हिस चार्ज दिसेल. तो ऐच्छिक आहे, काढा म्हटलं की काढावा लागतो. टीप द्यायचीच तर वेटरच्या हातात द्या.

तिघे पुरुष म्हणून क्लबच्या दारावर अडवतील, विशेषतः शनिवारी. फोन करून विचारायचं: स्टॅग एंट्री (फक्त पुरुषांना प्रवेश) आहे का, कव्हर (प्रवेशाचे पैसे) किती, आणि त्यातलं किती रिडीमेबल, म्हणजे खाण्यापिण्याच्या बिलात वळतं होणारं? ‘थोडं’ असं उत्तर आलं तर तो नाद सोडा. तिकीट काढलेल्या गिगला (लाइव्ह कार्यक्रमाला) ही कटकट नसते.

पंचगंगा_काठ:
आभार. शुक्रवारी बांद्रा-खार कॉमेडी, शनिवारी लोअर परळ बँड असं ठरतंय. उशिरा जेवायला काय?

शेवटची_लोकल:
परमिट रूमची वेळ साधारण दीडपर्यंत, पण किचन त्याआधी आवरतं. बाराच्या आत मुख्य जेवण सांगून टाका. कुलाब्याला ताजमागे बडेमियाँ उशिरापर्यंत असतो, पण त्यासाठी लोअर परळहून खाली जाऊ नका, परतीची लोकल चुकेल. आणि तारखा ठरवण्याआधी ड्राय डे बघा. आषाढी-कार्तिकी एकादशी, अनंत चतुर्दशी, शिवाय मतदान असेल तर ते संपेपर्यंतचे ४८ तास. कोल्हापुरातही हाच नियम आहे, पण प्रवासात कोणाच्या लक्षात राहत नाही.