सामाईक जमिनीतली जुनी झाडं कायमची राखायची आहेत, मदत हवी आहे

संगमेश्वर तालुक्यात आमच्या सामाईक सातबारावर जुने रायवळ आंबे, किंजळ आणि एक प्रचंड बेहडा आहे. बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी वीण करतो. काही हिस्सेदारांना झाडं ठेकेदाराला द्यायची आहेत. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात आंबा, किंजळ येतात, पण परवानगी मिळाली की तीही तुटतातच. जागा देवराई नाही, वन अशी नोंदही नाही. हिस्से विकत घेणं परवडणारं नाही. तलाठी म्हणतात, आधी वाटप करा. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे अर्ज दिलाय, हालचाल शून्य.

सिंधुदुर्गातल्या बांबर्ड्याच्या मायरिस्टिका (रानजायफळ) दलदलीला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळालाय. तसा दर्जा, किंवा वन्यजीव कायद्यातलं समुदाय राखीव क्षेत्र (खासगी किंवा सामुदायिक जमिनीवरचं संरक्षित क्षेत्र), मालकी आमच्याकडेच ठेवून फक्त आमच्या हिश्श्यावर मिळतं का, की सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात?