हिवाळ्यातल्या मैफली: काय ऐकलंत, कुठे बसून ऐकलंत?

शुद्धमध्यम

यंदाच्या थंडीत कोणी काय ऐकलं, कसं वाटलं, ते इथे लिहूया. परवाच्या एका मैफलीपासून सुरुवात करतो. मोकळ्या मैदानावर मंडप, जागा मिळाली ती बरीच मागे. पहिल्या सत्रात गायिकेने पूरिया धनाश्री मांडला. विलंबित (संथ) एकताल आणि त्याला जोडून द्रुत (जलद) तीनताल. बढत, म्हणजे राग हळूहळू उलगडत नेणं, फार देखणी होती. ‘म रे ग’ घेताना तीव्र मध्यमावरून कोमल ऋषभाला जेमतेम शिवायचं, गांधारावर यायचं आणि तिथे न हलता थांबायचं. तालाच्या दर आवर्तनात (फेऱ्यात) ही संगती वेगळ्या वजनाने आली. त्यानंतर सतार, आणि शेवटी एका ज्येष्ठ गायकांचा मारुबिहाग.

काही गोष्टी मात्र खटकल्या. दोष गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा की व्यवस्थेचा, हे जाणकारांनी सांगावं. तानपुरे पहिली वीसेक मिनिटं जवळपास ऐकूच आले नाहीत. तबलावादक सारखी हातोडी हातात घेत होते, एकदा तर ऐन विलंबितात. सतारीच्या आधी बराच वेळ नुसतं जुळवणं चाललं होतं. आणि द्रुतात पडद्यावर समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) हात पडलेला दिसायचा, ‘धा’ मात्र मागून कानावर यायचा. पुढच्या वेळी नेमकं कुठे बसावं?

जवारी

तानपुऱ्यांबद्दल सांगतो. यात गायिकेचा काडीचाही दोष नाही.

ख्यालाची सुरुवात मंद्र (खालच्या) आणि मध्य सप्तकात होते. पूरिया धनाश्रीत तर मंद्र निषाद-धैवतावर बराच वेळ काम असतं. तिथे आवाज मुळातच बारीक असतो. ध्वनिसंयोजकाला वाटतं गाणं मागे पोचत नाहीये, म्हणून तो गळ्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर ढकलतो. मग शिट्टी येऊ लागते. शिट्टी घालवायची म्हणजे मंचावरचे उघडे माइक कमी करायचे, आणि त्यात पहिला बळी तानपुऱ्यांचा. पुढे गाणं मध्य षड्जाच्या वर गेलं, गळा मोकळा लागला, की फेडर खाली येतो आणि तानपुरे परत ऐकू येतात. तुमची वीस मिनिटं बहुधा तीच. जाणता संयोजक उलट करतो. आधी तानपुऱ्यांची पातळी ठरवतो, तिला नंतर हात लावत नाही, आणि मंद्रातलं गाणं बारीकच राहू देतो. श्रोते आपोआप शांत होतात.

दुसरं कारण विजेची घरघर. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंग नीट नसेल तर ५०, १००, १५०, २०० हर्ट्झचा हम येतो. गायिकेचा षड्ज काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी) असेल तर तो साधारण २०८ हर्ट्झला. म्हणजे हमचा २०० आणि तिचा षड्ज यांच्यात अर्ध्या स्वराहूनही कमी अंतर. दोन्ही एकत्र ऐकले की सेकंदाला आठेक लाटा उठतात आणि षड्ज मळलेला वाटतो. हम तानपुऱ्याच्या वाहिनीत सगळ्यात उघडा पडतो, म्हणून ती वाहिनीच दाबली जाते. खरा उपाय म्हणजे ध्वनियंत्रणेची सगळी वीज एकाच फेजवरून आणि एकाच अर्थिंगवरून घ्यायची, मंचावरच्या दिव्यांचे डिमर वेगळ्या फेजवर टाकायचे. तानपुऱ्याला चिकटवायचा पिकअप टाळून घोडीसमोर (तारा जिच्यावर टेकतात ती) १५ ते २० सेंटिमीटरवर माइक ठेवायचा, तोंड थोडं तबलीकडे (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाकडे).

पुढच्या वेळी एक करून बघा. दोन आवर्तनांच्या मध्ये गळा थांबला की खर्जाच्या (सगळ्यात खालच्या षड्जाच्या) तारेतून गांधार आपणहून उमटतोय का ते ऐका. उमटत असेल तर जवारी (घोडीच्या माथ्याचा बारीक उतार, ज्याने तार झणझणत राहते) लागलेली आहे आणि माइकही बरोबर आहे. नसेल तर घोडीवरचा दोरा केसभर इकडेतिकडे झालेला असतो. तो कुठल्याही मिक्सरने दुरुस्त होत नाही. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातच्या कामासाठीच. जवारी काढणं हे कानाचं काम आहे, मापपट्टीचं नाही.

पूरिया धनाश्रीत एका तानपुऱ्याची पहिली तार पंचमाला आणि दुसऱ्याची निषादाला लावण्याचीही पद्धत आहे. नुसता पंचम सतत वाजत राहिला तर निषादावरचा ठेहराव फिका पडतो. समोर बसलेल्या कोणी पाहिलं असेल तर इथे लिहा.

तिहाई

हातोडीबद्दल. तबलजींना नावं ठेवू नका, उलट कान जागा असल्याची ती खूण आहे.

थंडीतल्या मंडपात चामडं आणि तार उलट दिशांना सरकतात. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) सुकते, ताणते, सूर चढतो. त्याच उष्णतेने तानपुऱ्याच्या तारा सैल पडतात, त्यांचा सूर उतरतो. म्हणजे दिवे लागल्यावर दहा मिनिटांत दोघांतलं अंतर दोन्हीकडून वाढतं. रात्री दंव पडायला लागलं की गंगा उलटी वाहते: पुडी ओल ओढून उतरते आणि गार झालेल्या तारा चढतात. संध्याकाळी साडेपाचला जुळवलेला तबला साडेआठला तसाच राहील ही अपेक्षाच चूक.

बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर) काढतात. वरून ठोका दिला की सूर चढतो, खालून दिला की उतरतो. मोठा फरक असेल तर गट्टे (तबल्याच्या अंगावरचे लाकडी ठोकळे) हलवावे लागतात, आणि ते गाण्याच्या मध्ये करता येत नाही. शिवाय एकाच घराला ठोकून भागत नाही. समोरासमोरची घरं एकसारखी बोलली पाहिजेत, नाहीतर चाटेचा (पुडीच्या कडेचा) ‘ना’ एका बाजूला स्वच्छ आणि दुसऱ्या बाजूला फाटका वाजतो. विलंबित एकतालाची मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. बोलांच्या मधल्या जागेत एखादा ठोका बसवता येतो, ठेका न मोडता. तुम्ही पाहिलंत ते हेच असणार. ठेका हलला होता का? नसेल तर ते कौतुकाचं काम आहे.

आयोजकांकडून नेहमी राहून जाणारी गोष्ट म्हणजे वादकाशेजारचा पंखा. पंख्याचा झोत थेट पुडीवर आला की सगळं मुसळ केरात. आणि गायिकेनंतर पुरुष गायक असतील तर दायाँ (उजव्या हाताचा तबला) बदलावाच लागतो. प्रत्येक पट्टीला तोंडाचं माप वेगळं लागतं. लहान तोंडाचा तबला ओढूनताणून खाली आणला तर शाईचा (पुडीवरच्या काळ्या गोलाचा) नाद मरतो, ‘तिं’ला आसच (लांबणारा नाद) राहत नाही.

मैदानबैठक

पडद्यावरची सम आधी आणि ‘धा’ मागून, यात बिघाड काहीच नाही. उलट ध्वनियंत्रणा नीट लावली होती असं म्हणेन.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मीटरला ३ मिलिसेकंद. तुम्ही मंचापासून ६० मीटरवर असाल तर ‘धा’ तुमच्यापर्यंत यायला १७५ मिलिसेकंद लागतात. द्रुताची लय मिनिटाला ३०० मात्रांची असेल तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. म्हणजे जवळजवळ एक मात्रा मागे! कॅमेऱ्यातून पडद्यावर यायला चित्रालाही थोडा वेळ लागतो, पण मागच्या रांगांत एवढ्याने भरपाई होत नाही.

खरी चूक वेगळी असते, आणि ती ओळखायला सोपी आहे. मंडपाच्या मध्यावर जादा स्पीकर उभे असतात. त्यांना विलंब दिला नाही तर ते मुख्य स्पीकरच्या आधी बोलतात आणि एकच ‘धा’ दोनदा ऐकू येतो, शब्दांच्या कडा झिजतात, तान लोण्यासारखी पसरट लागते. बरोबर लावताना अंतराइतका विलंब द्यायचा आणि वर १० ते १५ मिलिसेकंद अधिक, म्हणजे आवाज जवळच्या खांबातून न येता मंचावरून आल्यासारखा वाटतो. तुम्हाला ‘धा’ एकच ऐकू आला, उशिरा का होईना. म्हणजे हे काम कोणीतरी मनापासून केलेलं होतं.

बसायचं कुठे? मधल्या रेषेत, आणि ध्वनिनियंत्रणाचं टेबल जिथे मांडलेलं असतं त्याच्या थोडं पुढे. संयोजक तिथे बसून ऐकतो, म्हणून तिथलं मिश्रण सगळ्यात खरं. अगदी पुढची भारतीय बैठक गायकाचा चेहरा आणि हातवारे बघायला उत्तम. पण तिथे मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून जातो, कानावर पडतो तो मंचावरच्या मॉनिटरचा आणि उघड्या तबल्याचा. स्पीकरच्या मनोऱ्यासमोरच्या कडेच्या जागा सोडून द्या. जनरेटर आणि खाद्यपदार्थांचे स्टॉल ज्या बाजूला असतील तीही नको.

शुद्धमध्यम

ठेका अजिबात हलला नव्हता. ‘धा’ही एकच होता. धन्यवाद, आता तीच मैफल डोक्यात वेगळी ऐकू येतेय. सतारीचं आणि संवादिनीचं (हार्मोनियमचं) राहिलं. गायिका गांधारावर थांबली की संवादिनी काही वेळा गप्प व्हायची. ते मुद्दाम होतं का?

खर्ज

मुद्दाम होतं, आणि समजूतदारपणाचं होतं. तानपुऱ्यातून उमटणारा गांधार हा संवादिनीच्या शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ऐकायला थोडंच वाटतं, पण ठेहराव लांबला की दोन गांधार एकमेकांना घासतात. जाणता संवादिनीवादक अशा वेळी षड्ज धरतो किंवा हात उचलतो, आणि तान सुरू झाली की परत येतो. आकाशवाणीवर १९४० पासून बरीच वर्षं संवादिनीला बंदी होती, त्यामागचा एक मोठा आक्षेप ठरलेल्या पट्ट्यांचाच होता. मला स्वतःला ती बंदी टोकाची वाटते. संगत कशी करायची हे हातावर असतं, वाद्यावर नाही. पण दरबारीचा आंदोलित गांधार संवादिनीवर दाखवायचा प्रयत्न कोणी करू नये, हेही तितकंच खरं.

सतारीचं उत्तर सरळ आहे. मुख्य तारा सात, आणि खाली ११ ते १३ तरफा (आपोआप झंकारणाऱ्या तारा). तरफा रागाच्या स्वरांना लावतात, त्यामुळे राग बदलला की त्यातल्या बऱ्याच बदलाव्या लागतात. ग्रीनरूममध्ये जुळवून आणलेली सतार गार मंचावर आली की पोलादी तारा चढतात, आणि सगळं पहिल्यापासून. मंचामागे मंचाइतक्याच गारव्याची जागा निदान अर्धा तास आधी दिली तर हा वेळ निम्म्यावर येतो. काही वादक रागांची निवडही त्यावरून करतात. मारुबिहागनंतर यमन घेतला तर तरफांना फारसा हात लावावा लागत नाही, तोडी किंवा भैरवी म्हटलं की कोमल स्वरांसाठी अर्धी सतार पिळावी लागते.

मैदानबैठक

सगळ्यांनी जुळवण्याचा वेळ काढला, त्याचा फटका शेवटच्या कलाकाराला बसतो, हेही लिहायला हवं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ला ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, आणि ते दिवस सगळ्या सण-उत्सवांत वाटले जातात. म्हणजे सतारीला वीस मिनिटं जास्त गेली की मारुबिहागचं विलंबित वीस मिनिटांनी आखडतं.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला. पुढे रमणबागेच्या मैदानावर रात्रभर सत्रं चालायची, तेव्हा मध्यरात्री दरबारी आणि उजाडताना ललत आपापल्या वेळी ऐकता यायचे. आता दरबारी, मालकंस, अडाणा मोकळ्या मैदानावर त्यांच्या खऱ्या वेळी जवळपास ऐकायलाच मिळत नाहीत. रात्रीचे राग ऐकायचे असतील तर बंदिस्त सभागृहातल्या मैफली शोधा.

जवारी

आणि सकाळची सत्रं सोडू नका. थंडीतल्या महोत्सवांत लोक संध्याकाळी गर्दी करतात, सकाळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या. रिकाम्या मंडपात आवाज थोडा अधिक घुमतो, पण वाहनांचा गोंगाट कमी, दिव्यांची उष्णता नाही, ऊन वर येईपर्यंत वाद्यंही स्थिर. तोडी किंवा अहिर भैरव अशा सत्रात ऐका, वेळेच्या पंधरा मिनिटं आधी जाऊन. तानपुरे मंचावर मिळवले जात असतात तेव्हापासून.

शुद्धमध्यम

पुढच्या रविवारी सकाळचं सत्र आहे, मधल्या रेषेतच बसतो. त्या दिवशी पुढे बसलेलं कोणी असेल तर दुसऱ्या तानपुऱ्याची पहिली तार निषादाला होती का, तेवढं सांगा.