इलिरियन आले कुठून? की आलेच नाहीत?

जुनाट वही: बाल्कनच्या इतिहासावर वाचतोय. इलिरियन म्हणजे तिथल्या पश्चिम भागातले, एड्रियाटिक समुद्राकाठचे प्राचीन लोक. 'इलिरियनांचं स्थलांतर' हे शब्दच मला खटकतात. १९३०च्या दशकात पोकॉर्नीसारख्या भाषापंडितांनी पार पोलंडपर्यंतच्या नद्यांची नावं इलिरियन ठरवून निम्मा युरोप त्यांच्या सातबाऱ्यावर चढवला. त्याच गटातल्या हान्स क्राहेने पुढे स्वतःच माघार घेतली. बोस्नियातल्या ग्लासिनाचच्या पठारावर हजारो दफन-टेकाडं आहेत, ब्राँझयुगापासून लोहयुगापर्यंत सलग. माझं मत: इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकात स्टेपमधून, म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ मैदानांतून, लोक आले, स्थानिकांत मिसळले, आणि इलिरियन घडले ते तिथेच. नावसुद्धा ग्रीकांनी सरसकट चिकटवलेलं. रोमन लेखक प्लिनी 'खरे इलिरियन' म्हणून एका छोट्या गटाचा वेगळा उल्लेख करतो, तो उगाच नाही.

पाणकोंबडा: म्हणजे एका वाक्यात स्टेपमधून माणसं आणायची आणि पुढच्या वाक्यात 'स्थलांतर नाही' म्हणायचं? वा! आणि ते बाल्कनमध्ये तरी कुठे थांबले? इटलीच्या टाचेत, आपुलियात, मेसापिक या तिथल्या प्राचीन भाषेचे शेकडो शिलालेख सापडलेत. तिकडच्या माणसाचं नाव दाझोस आणि इकडच्या इलिरियनाचं दासियस, नावं एकाच घरातली वाटतात. ओट्रांटोपाशी समुद्र जेमतेम सत्तर किलोमीटर. होडीत बसले नि गेले.

जुनाट वही: नावं जुळली म्हणजे भाषा जुळली असं नाही. इलिरियन म्हणून खात्रीने सांगता येईल असं सबंध वाक्य एकही उरलेलं नाही. तुलना करायची कशाशी?

उंबरठा: अल्बेनियनांना विसरलात. तिथल्या १०० लेकच्या नाण्यावर इलिरियन राणी तेउता, ५०च्या नाण्यावर इलिरियन राजा गेंटियस. हाच गेंटियस इ.स.पू. १६८मध्ये श्कोद्रात रोमनांपुढे हरला. वंशज जिवंत आहेत हो!

पाणकोंबडा: नाणं हा पुरावा नव्हे, ते सरकारचं मत. अल्बेनियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा होजा याच्या राजवटीत इलिरियन वारसा हा सरकारी सिद्धान्तच होता. अल्बेनियन भाषेतलं सर्वांत जुनं लिखित वाक्य १४६२चं. मधली दीड हजार वर्षं कोरी. शिवाय माशाला ते 'पेश्क' म्हणतात, तो लॅटिनमधून आलेला. किनाऱ्यावरच्या लोकांना माशासाठी उसना शब्द?

उंबरठा: खुर्ची हा शब्द अरबी. म्हणून मराठी माणूस आधी जमिनीवर बसत होता काय?

जुनाट वही: बसतच होता की! 😄 पण मुद्दा मान्य, उसन्या शब्दावरून पत्ता ठरत नाही. अल्बेनियन इलिरियनमधून आली असेलही. पर्यायांत मला तोच जास्त पटतो, फक्त सिद्ध झालाय असं म्हणू नका.

पाणकोंबडा: ते ठीक. पण आपुलियातल्या शिलालेखांचं काय? माणसं पोहत गेली नाहीत ना? मग 'तिथेच घडले' हे शीर्षकाखालचं वाक्य बदला.

जुनाट वही: 'बहुतेक तिथेच घडले, काही होडीत बसले.' चालेल?