विषय: री: शेखाडी आणि पंचवीस वर्षं

मंडळी नमस्कार,

गणपतीसाठी दिवेआगरला आलोय. काल श्रीवर्धनला जाताना मुद्दाम समुद्राकडच्या रस्त्याने गेलो, मधे शेखाडी लागतं, रिक्षावाला लगेच बोट दाखवून म्हणाला ९३ सालच्या फेब्रुवारीत स्फोटकं, ते आरडीएक्स, इथंच उतरलं. नंतर मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली आणि त्यात शिक्षा झालेल्या त्या अबू सालेमला म्हणे २५ वर्षांच्या वर आत ठेवता येत नाही, का तर पोर्तुगालला शब्द दिलाय! गुन्हा आपला, कोर्ट आपलं, मग पोर्तुगाल कोण? आपल्यात वकील आहेत ना, समजावा कोणीतरी.

— दिवेआगरकर काका

---

काका,

आधी एक बारीक दुरुस्ती, शेखाडीचा माल वेगळा, सालेमवरचा आरोप भरूचहून हत्यारं मुंबईत आणल्याचा होता. प्रकरण मात्र एकच, ९३ च्या स्फोटांचं.

आता पोर्तुगाल. २००२ च्या सप्टेंबरमध्ये तो लिस्बनला सापडला तेव्हा आपला त्यांच्याशी प्रत्यार्पण करारच नव्हता, म्हणजे एकमेकांचे आरोपी सोपवायचा करार. आणि त्यांच्याकडे नेहमीच्या गुन्ह्यांसाठी फाशी १८६७ लाच गेली, जन्मठेपही नाही, जास्तीत जास्त २५ वर्षं. म्हणजे फाशी किंवा जन्मठेप होणार असेल तर त्यांचं कोर्ट माणूस सोडणारच नाही, मग आपण कितीही ओरडा. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये अडवाणी उपपंतप्रधान असताना त्यांनी लेखी हमी दिली की फाशी नाही आणि २५ वर्षांच्या वर कैद नाही, तेव्हा कुठे नोव्हेंबर २००५ मध्ये तो हातात आला. हमी दिली नसती तर आज २५ सोडा, २५ दिवसही मिळाले नसते.

२०१७ ला टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) कोर्टाने एकाच निकालात दुसऱ्या दोघांना फाशी सुनावली, सालेमला जन्मठेप. ती जन्मठेपही हमीमुळे २५ वर्षांतच संपवायची, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२२ ला सांगितलं. त्याचं म्हणणं होतं २००२ पासून मोजा, ते कोर्टाने नाही ऐकलं, कारण ती वर्षं तो तिथल्या खोट्या पासपोर्टच्या केसमध्ये आत होता. म्हणजे हिशेब २०३० पर्यंत जातो.

अजून एक भानगड म्हणजे ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागितला त्यांच्यावरच खटला चालवायचा असतो. आपण मधे जादा कलमं लावली, तिकडची कोर्टं भडकली, प्रत्यार्पणच रद्द म्हणाली, शेवटी २०१३ मध्ये ती कलमं मागे घ्यावी लागली. मासे धरायला म्हणून शेजाऱ्याची होडी नेली आणि रेती भरून आणली तर तो पुढच्या वेळी वल्हं तरी देईल का?

— मंजिरी

---

मंजिरी,

होडीचं पटलं, बाकीचं अर्धं :) पण दुबईशी, म्हणजे यूएईशी, १९९९ चा असाच करार आहे ना आपला, मग तिकडून सगळे का येत नाहीत?

— काका

---

काका, कराराने मागायचा रस्ता होतो, माणूस सापडायलाही लागतो, आणि तिथल्या कोर्टाला किंवा सरकारला कागद पटायला लागतात. आपले कागद कधीकधी भाषांतरातच महिनोनमहिने अडकतात, हे मी जवळून बघितलंय, जास्त बोलत नाही.

येताना श्रीवर्धनी रोठा सुपारी आणणार का? आणलीत तर कस्टमच्या फॉर्मवर लिहा मात्र, गेल्या वेळसारखं नको.

— मंजिरी