मदत हवी आहे : उताराच्या रानात मिनी ट्रॅक्टर आडवा चालवावा की उभा?

रानातला_शहरी

नमस्कार मंडळी. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. खाली ओढ्याकाठच्या भाताच्या खाचरांची काही अडचण नाही. प्रश्न वरच्या दीड एकर वरकस तुकड्याचा आहे. तिथं आजवर बैलांवर नाचणी, भुईमूग व्हायचा. आता दावणीला बैल नाहीत, म्हणून चुलतभाऊ आणि मी मिळून जुना २२ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतोय. टू व्हील ड्राइव्ह, वर छत, मागं माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर.

घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात, मशागत उताराला आडवीच व्हायला हवी, उभे तास काढले की पहिल्या वळवाला माती ओढ्यात. ट्रॅक्टर चालवणारा चुलतभाऊ म्हणतो, आडवा घातला तर मीच ओढ्यात. दोघांचंही पटतं, म्हणून इथं विचारतोय. रानात दोन जुन्या ताली (माती अडवणारे दगडी बांध) ढासळल्यात, त्यांचे दगड मातीत विखुरलेत.

फणकरी

उतार किती ते लिहिलंच नाहीत. डोळ्यांनी सांगू नका, मोजा. दहा फुटी सरळ पाइप घ्या, एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, गवंड्याची लेव्हल ठेवून पाइप आडवा करा आणि दुसऱ्या टोकापासून खाली जमिनीपर्यंत टेप लावा. एक फूट आला तर १० टक्के. दोन फूट आले तर २० टक्के, म्हणजे साधारण ११ अंश. पाच-सहा ठिकाणी मोजा आणि सरासरी काढू नका. ट्रॅक्टर सरासरीवर उलटत नाही, सगळ्यात वाईट जागी उलटतो.

मळेकरी_७२

फणकरींना दुजोरा. पण उताराचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो, बाकीची तुमच्या त्या तालीच्या दगडांत आहे. मिनी ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण तीन फूट धरा. आडवं चालताना वरच्या अंगाचं चाक अर्ध्या फुटाच्या दगडावर चढलं की तेवढ्यानंच साडेनऊ अंश कलतो. रान ८ अंशांचं असलं तरी त्या क्षणी ट्रॅक्टर साडेसतरावर. त्याच वेळी खालचं चाक घुशीच्या बिळात गेलं तर पुढचं बोलायला नको. म्हणून आधी दगड वेचा, मग आडवा-उभा वाद घाला.

दुसरं, छत म्हणजे रोल बार (उलटल्यावर चालकाला वाचवणारी मजबूत लोखंडी चौकट) नव्हे. छत उन्हासाठी असतं, ट्रॅक्टर उलटला की कागदासारखं चेपतं. रोल बार असेल तर पट्टा लावूनच बसायचं, तरच त्या चौकटीच्या आत राहता. रोल बार नसेल तर पट्टा लावायचा नाही. आणि मडगार्डवर कुणालाही बसवायचं नाही, पोरांना तर नाहीच.

रानातला_शहरी

काल मोजलं. बहुतेक ठिकाणी सव्वा ते दीड फूट आलं. वरच्या ईशान्य कोपऱ्यात मात्र पावणेतीन. दगड वेचायला घरचे सगळे लागलेत. रोल बार नाही.

फणकरी

मग तुमचं एक रान नाही, दोन रानं आहेत.

खालचा १२ ते १५ टक्क्यांचा भाग: वडिलांचं ऐका, आडवंच चालवा. मात्र मागची चाकं सगळ्यात बाहेरच्या सेटिंगला लावून घ्या. चाकाची खूण रोटाव्हेटरच्या बाहेर राहील, राहू द्या. मागच्या टायरमध्ये पाणी भरा. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्या पातळीपर्यंत भरलं की पाऊण टायर भरतो, वजन खाली येतं. टोकाला वळताना रोटाव्हेटर अगदी जमीन सुटण्यापुरता उचला. पूर्ण वर घेतला की ट्रॅक्टरचा तोल वर जातो, आणि नेमकं वळतानाच लोक तो पूर्ण उचलतात. कलल्यासारखा वाटला तर स्टेअरिंग उताराच्या दिशेला सोडा, वर वळवायला जाऊ नका. ढासळलेल्या तालीच्या काठापासून जेवढी तालीची उंची तेवढं तरी लांब राहा, जास्त राहिलात तर उत्तम. खालून पोकळ झालेली असते.

कोपरा: तिथं ट्रॅक्टर नेऊच नका. बांबू लावा, गवत राखा, काहीही करा.

रानवाट

कोपरा अगदी सोडायलाच हवा असं नाही. पॉवर वीडरनं (मागून चालत हातानं धरायचं मशागतीचं छोटं यंत्र) होतो, चालणारा पायावर असतो. मोठ्या पॉवर टिलरच्या मागं लागू नका, तोही उतारावर ओढतो. महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या अर्जाचं पोर्टल) कृषी यांत्रिकीकरणात वीडरसाठी अर्ज करता येतो. नंबर लागेपर्यंत भाड्यानं आणा किंवा शेजारचे बैल सांगा. आमच्याकडं अजून पैऱ्यानं, म्हणजे एकमेकांच्या कामाच्या अदलाबदलीत, बैल मिळतात.

नांगरट करणार असाल तर एक सांगतो. पलटी नांगर (माती हव्या त्या अंगाला टाकता येणारा) असेल तर वरच्या बांधापासून सुरुवात करून खाली या आणि माती दर फेरीला वरच्या अंगाला टाका. वरच्या बाजूची चाकं आपोआप नांगरलेल्या तासात राहतात, ट्रॅक्टर डोंगराकडं झुकतो आणि माती थोडी थोडी वर चढते. उलट केलं तर चाक खालच्या तासात आणि ट्रॅक्टर ओढ्याकडं.

चुलतभाऊच_बोलतोय

त्याच्या आयडीवरून नको म्हणून नवीन काढला. मला एवढंच सांगा, शेतात जायची वाटच उभी आहे. खडा चढ, मुरूम, पन्नासेक फूट. रोटाव्हेटर मागं असताना पुढचं उठतं का?

मळेकरी_७२

उठतं. जड बाजू डोंगराकडं, हा नियम धर भावा. रोटाव्हेटर मागं असेल तर चढ रिव्हर्सला चढायचा. पीटीओ (रोटाव्हेटर फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद, रोटाव्हेटर जमिनीलगत. उतरताना तोंड खाली करून सरळ. उतार सुरू व्हायच्या आधी लो गिअर टाकायचा, मधे क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर विसरूनच जा. इंजिनच ब्रेक असतो. दोन्ही चाकांची वेगवेगळी ब्रेक पेडलं एकत्र जोडणारी खिटी लावलेली आहे ना ते बघ, शेतात सुटी ठेवतात आणि वाटेवर विसरतात. एकच चाक धरलं की मुरमावर गाडी आडवी होते.

काही ओढायचं असेल, ओंडका, अडकलेली ट्रॉली, तर खालच्या हुकालाच. साखळी टॉपलिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याच्या) जागी बांधलीस की ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती उभा राहतो, उडी मारायला वेळ मिळत नाही.

रानातला_शहरी

सगळ्यांचे आभार, वडिलांना वाचून दाखवलं. आता रोल बारचं बघतोय. गावातला वेल्डिंगवाला चौकोनी पाइपचा करून देतो म्हणतोय. चालेल का?

फणकरी

नाही. मारून-मुटकून केलेली चौकट वेल्डवर तुटते आणि अंगावर येते. त्या मॉडेलसाठी चाचणी झालेला रोल बार मिळतो का ते कंपनीच्या डीलरकडं विचारा. तो मागच्या एक्सलच्या हाउसिंगवर बोल्टनं बसतो, मडगार्डवर नाही. अजून व्यवहार झाला नसेल तर रोल बार असलेलाच जुना ट्रॅक्टर शोधा. द्राक्षपट्ट्यात दुमडता रोल बार असलेले मिनी निघतात. तसा मिळाला तर बागेत खाली पाडून ठेवलेला बार तुमच्या रानात शिरताना आधी उभा करून खिट्ट्या लावायच्या.