'मकुकिना' : आहत नाणे की ठोकीव नाणे?

प्रश्न : मेक्सिको आणि पोतोसी (आजच्या बोलिव्हियातील शहर) येथील टांकसाळींत स्पेनच्या राजांसाठी पाडलेल्या चांदीच्या वेड्यावाकड्या नाण्यांना स्पॅनिशमध्ये 'मकुकिना' म्हणतात. मराठीत त्यांना 'आहत नाणी' म्हणावे काय?

उत्तर : शब्दार्थ पाहता चालेल, पण वापरू नये. 'आहत' हा शब्द आपल्याकडे प्राचीन भारतीय नाण्यांसाठी रूढ आहे आणि त्या नाण्यांवर सूर्यासारखी चिन्हे वेगवेगळ्या लहान ठशांनी एकेक करून उमटवलेली असत. मकुकिना मात्र दोन ठशांच्या मध्ये चकती ठेवून वरून हातोड्याने ठोकून पाडीत. तेव्हा 'ओतीव', 'घडीव' यांच्या पंक्तीला सहज बसणारा 'ठोकीव' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

या नाण्यांचा आकार बिघडण्याचे कारणही ध्यानात घ्यावे. चांदीच्या पट्टीचे तुकडे पाडून ते ठरलेल्या वजनाला येईपर्यंत कातरीने छाटले जात. आठ रेआलचे (रेआल हे स्पॅनिश चलन) नाणे सुमारे 27 ग्रॅमचे भरणे आवश्यक होते, गोल असणे नव्हे. त्यामुळे ठशावरचे साल किंवा राजाचे नाव पुष्कळदा चकतीबाहेरच राही. कडेला नक्षी नसल्याने पुढे कोणी आणखी चांदी कातरून घेतली, तरी ते नजरेला कळत नसे, तराजूलाच कळे. मेक्सिकोत 1732 पासून यंत्राने गोल नाणी पडू लागली. पोतोसीत मात्र हातोडा 1773 पर्यंत चालू राहिला.

'मकुकिना'ची व्युत्पत्ती काही जण अरबीत शोधतात, तर काही जण दक्षिण अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या क्वेचुआ भाषेतील 'मारणे' या अर्थाच्या धातूत. दुसरी अर्थाला फारच सोयीची आहे, आणि म्हणूनच मी तिच्याकडे जरा संशयाने पाहतो.

शंका : शिवराईसुद्धा ठोकीवच होती. मग वाचकाने फरक कसा ओळखावा?

उत्तर : शंका रास्त आहे. 'ठोकीव' हे पद्धतीचे नाव आहे, विशिष्ट नाण्याचे नव्हे. म्हणून प्रथम उल्लेखात 'मकुकिना ही ठोकीव नाणी' असे लिहून पुढे नुसते 'मकुकिना' लिहावे. स्पॅनिश चलनासाठी 'रेआल' हे लेखन ठेवावे. 'रियाल' त्याच शब्दापासून आलेला असला, तरी मराठी वाचकाला त्यावरून ओमान किंवा कतारमधील पगारच आठवतो.