मुलाच्या पुढच्या दाताचं मूळ अर्धवट आहे, रूट कॅनल होतं का?

परळकरीण:
मुलगा नऊ वर्षांचा. सव्वा वर्षापूर्वी बिल्डिंगच्या टाकीवर क्रिकेट खेळताना बॅट तोंडावर बसली आणि वरचा पुढचा दात तिरका तुटला. तुटल्या जागी लाल ठिपका दिसत होता. सासूबाई म्हणाल्या, "दुधाचा असेल, पडेल." मीही ऑफिसच्या धबडग्यात तेच मानून घेतलं. दुधाचा नव्हता. आता दात राखाडी पडलाय, हिरडीवर तांदळाएवढी पुळी आहे, दाबली की पू येतो.

गल्लीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे न काढताच तीन सिटिंगचं रूट कॅनल सांगितलं. दादरच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढून दाखवला. शेजारच्या दाताचं मूळ टोकाला मिटत आलंय, याचं मात्र तुतारीच्या तोंडासारखं उघडं (राजकारण नको प्लीज). म्हणाल्या, नेहमीचं रूट कॅनल चालणार नाही, एमटीए (दातात भरायचं एक खास सिमेंट) लागेल. खर्च जवळजवळ दुप्पट. खरंच गरज आहे की मला गुंडाळतायत?

दाढदुखी_डॉक्टर:
गुंडाळत नाहीयेत. हा दात सात-आठव्या वर्षी उगवतो, पण मूळ पूर्ण व्हायला साधारण दहावं वर्ष उजाडतं. मूळ वाढवते ती आतली नस. ती मेली की मूळ जिथल्या तिथे थांबतं.

नेहमीच्या रूट कॅनलमध्ये गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) भरतात, त्याला टोकाशी अडायला जागा लागते. इथे तळच नाही, भरलेलं सरळ हाडात जाईल. म्हणून टोकाशी एमटीएचं चार-पाच मिलिमीटरचं बूच बसवतात, ते घट्ट झालं की वरचं भरतात. पूर्वी कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून टोकाशी कठीण थर धरायची वाट बघायचो, त्यात सहा महिने ते दीड वर्ष जायचं. आणि ते फार काळ आत राहिलं की आधीच पातळ असलेल्या भिंती ठिसूळ होतात.

तिसरा मार्ग रिव्हॅस्क्युलरायझेशनचा. दात आतून निर्जंतुक करून टोकापलीकडून मुद्दाम रक्त आत येऊ देतात, त्याच्या गुठळीवर सिमेंट बसवतात. जमलं तर मूळ जाड होतं, लांबही होतं. पण जमेलच असं नाही, आणि तपासणीला वर्षानुवर्षं यावं लागतं. तुमच्या डॉक्टरबाईंना याबद्दल जरूर विचारा.

बोलायचं नव्हतं, पण इतर आया वाचतायत म्हणून: तो लाल ठिपका म्हणजे उघडी पडलेली नस. त्याच दिवशी आणलं असतं तर वरची दोनेक मिलिमीटर काढून बाकीची बहुतेक वाचली असती, आणि मूळ आपलं आपण वाढलं असतं.

चिंचपोकळीवाला:
माझ्या भाचीचं जुन्या पद्धतीने झालं. दर तीन महिन्यांनी एक्स-रे, चौदा महिने. थर धरला म्हणून पेढे वाटले आणि पुढच्याच संक्रांतीला तिळाची वडी चावताना दात हिरडीच्या कडेला कट्टकन गेला! वडी आमच्या ताईची, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा ते अजून ठरलेलं नाही.
खर्चाचं म्हणाल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज बघा. केसपेपर काढून लहान मुलांच्या दातांचा विभाग विचारा. सकाळी लवकर जा.

परळकरीण:
डॉक्टर, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. असो. एमटीएने दात आणखी काळा पडतो का? पुढचाच आहे.

दाढदुखी_डॉक्टर:
पडू शकतो, विशेषतः करड्या रंगाचं असेल तर. पण बूच टोकाशी असतं, वरच्या भागाला लागलेलं नीट पुसून काढलं की फारसं दिसत नाही. बायोडेंटिन या तशाच दुसऱ्या सिमेंटबद्दलही विचारा, ते दात कमी काळवंडतं. आणि ऊस, पेरू, चिक्की त्या दाताने तोडायची नाही.

परळकरीण:
शनिवारची वेळ घेतलीय. चिरंजीवांचा एकच प्रश्न: रविवारी मॅच खेळू का?

दाढदुखी_डॉक्टर:
स्कोअर लिहायला बसवा.